डच शिकताना मराठीचा आधार घ्या : तुलनेची विशेषणं आणि वाक्यातली क्रियापदाची जागा

पाणकोंबडा

नेदरलंड्समध्ये राहणाऱ्या किंवा तिकडे जायच्या तयारीत असलेल्या मराठी मंडळींसाठी हा धागा काढतोय. डचचे बहुतेक वर्ग आणि अॅप इंग्रजीतून शिकवतात, त्यामुळे आपण प्रत्येक डच वाक्य मनात आधी इंग्रजीत मांडतो आणि मग उलथवतो. वाक्यरचनेपुरता हा द्राविडी प्राणायाम आहे. मराठी माणसाने डच वाक्याकडे सरळ मराठीतून बघावं असं माझं ठाम मत आहे, आणि ते का, हे खाली सविस्तर लिहितोय.

आधी उच्चारांबद्दल. डच शब्द अदमासे देवनागरीत लिहिले आहेत. 'ख' म्हणजे घसा खरवडून काढलेला ख. 'त' आणि 'द' आपल्यासारखेच दातांजवळचे, इंग्रजी ट-ड नव्हेत. गावांची नावं मात्र रूढ आहेत तशी ठेवली आहेत.

हे वाक्य बघा :

इक खा मॉर्खन मेत द त्रेन नार उट्रेख्ट.

इक म्हणजे मी, खा म्हणजे जातो, मॉर्खन म्हणजे उद्या, मेत द त्रेन म्हणजे ट्रेनने, नार उट्रेख्ट म्हणजे उट्रेख्टला. आता यातलं 'खा' उचलून शेवटी नेऊन ठेवा. मी उद्या ट्रेनने उट्रेख्टला जातो. शब्दाला शब्द मराठी! आधी कधी, मग कसं, मग कुठे. डच वर्गात हा क्रम नियम म्हणून पाठ करून घेतात, कारण इंग्रजीत तो जवळपास उलटा आहे : आधी कुठे, मग कसं, मग कधी. आपल्याला तो पाठ करायची गरजच नाही, आपण घरी तसंच बोलतो.

आणि हे 'खा' शेवटी नेणं माझ्या मनचं नाही. 'ऑमदत' (कारण) हा शब्द आला की डच स्वतःच तसं करते :

ऑमदत इक मॉर्खन मेत द त्रेन नार उट्रेख्ट खा.

'दत' (की), 'अल्स' (जर, जेव्हा), 'ऑमदत' अशा शब्दांनी सुरू होणाऱ्या सगळ्या गौण वाक्यांत क्रियापद शेवटी जातं. वर्गात हा भाग बऱ्याच उशिरा येतो आणि अवघड म्हणून येतो. माझ्या मते मराठी माणसाने सुरुवातच इथून करावी. डच भाषाशास्त्रज्ञ यान कोस्टर यांनी १९७५ साली असंच मांडलं होतं : डचचा मूळ क्रम कर्ता-कर्म-क्रियापद असाच आहे आणि मुख्य वाक्यात क्रियापद पुढे सरकतं. म्हणजे गौण वाक्य हे मूळ आणि मुख्य वाक्य हा त्याचा बदललेला अवतार. मराठी कानाला हे लगेच पटतं.

मग मुख्य वाक्यासाठी एकच काम उरतं. मराठी क्रमाने वाक्य जुळवा आणि काळ दाखवणारं क्रियापद उचलून दुसऱ्या जागेवर ठेवा. दुसऱ्या जागेवर, कर्त्यानंतर नव्हे. इथे पुष्कळ जण अडखळतात. पहिली जागा 'उद्या'ने घेतली, तर क्रियापद 'उद्या'च्या लगेच पुढे आणि कर्ता त्याच्याही पुढे :

मॉर्खन खा इक मेत द त्रेन नार उट्रेख्ट.

'मॉर्खन इक खा' हे चूक. मराठीत 'उद्या मी जातो' म्हणतो, त्यामुळे जिभेवर हेच येतं. मराठीची सवय आड येते ती इथे.

क्रियापदाचे दोन तुकडे असतील तर फक्त काळ दाखवणारा तुकडा पुढे येतो, दुसरा शेवटीच राहतो. इक हेप खिस्तरन अन बूक खकॉख्त : मी काल एक पुस्तक विकत घेतलं. 'हेप' दुसऱ्या जागी, 'खकॉख्त' अगदी टोकाला, बाकी सगळं मधे. डच शिक्षक याला 'तांग' म्हणतात, म्हणजे पक्कड.

तुलनेच्या विशेषणांबद्दलही लिहायचं आहे, पण आधी प्रश्न येऊ देत.

मधली_सुट्टी

फार छान धागा. मी आइंडहोव्हनला असते. एक दुरुस्ती : तुमचा घसा खरवडणारा ख उत्तरेकडचा. आमच्याकडे ब्राबान्तमध्ये, तसंच लिम्बुर्खमध्ये आणि बेल्जियमच्या डचभाषक भागात तो मऊ असतो, टाळूजवळून निघतो. नवीन येणाऱ्यांनी दोन्ही कानाला ओळखीचे करून घ्यावेत.

आता प्रश्न. 'वन्त' म्हणजेही कारण आणि 'ऑमदत' म्हणजेही कारण. मग एकाने क्रियापद शेवटी जातं आणि दुसऱ्याने नाही, असं का?

पाणकोंबडा

मऊ ख बद्दल आभार, बरोबर आहे.

'वन्त' हा 'एन' (आणि), 'मार' (पण) यांच्या गटातला. तो दोन स्वतंत्र मुख्य वाक्यं शेजारी ठेवतो, कुणालाही गौण करत नाही. म्हणून वन्त इक खा मॉर्खन मेत द त्रेन, क्रियापद जागच्या जागी. 'ऑमदत' पुढच्या वाक्याला आपल्या पोटात घेतो, म्हणून ते शेवटी. यावरून आणखी एक फरक पडतो. 'ऑमदत'ने वाक्याची सुरुवात करता येते, 'वन्त'ने एरवी करत नाहीत, कारण त्याला आधी एक वाक्य लागतंच.

गौण वाक्य आधी आलं की ते सबंध वाक्य पहिली जागा घेतं आणि मुख्य क्रियापद लगेच त्याच्या पुढे येतं. अल्स हत रेखन्त, नेम इक द बस. पाऊस पडला तर मी बसने जातो. स्वल्पविरामाच्या अलीकडे एक क्रियापद, पलीकडे दुसरं. लिहून झाल्यावर ही दोन क्रियापदं स्वल्पविरामाला खेटून आहेत का ते बघायचं, बहुतेक चुका तिथेच सापडतात.

शब्दवेल्हाळ

मी पुण्यात जर्मन शिकवते. मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकून पुढे नेदरलंड्सला गेलेले माझे बरेच विद्यार्थी आहेत, त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगते.

पहिली म्हणजे क्रियापदाची दुसरी जागा आणि गौण वाक्यातली शेवटची जागा, हे दोन्ही जर्मनसारखंच. त्यामुळे जर्मन येणाऱ्यांना डचचा सांगाडा आयता मिळतो. पण गौण वाक्याच्या टोकाला दोन क्रियापदं आली की वाटा वेगळ्या होतात. जर्मनमध्ये 'काम करावं लागतं' हा क्रम अगदी मराठीसारखा, काम करणं आधी आणि लागणं शेवटी. डचमध्ये सहसा उलट : दत इक मॉर्खन मूत वेर्कन, 'लागतं' आधी आणि 'करणं' नंतर.

दुसरी गोष्ट तुलनेची, आणि ती जास्त दगा देते. जर्मनमध्ये 'च्यापेक्षा' साठी 'आल्स' वापरतात. डचमध्ये 'अल्स' आहे, पण तुलनेत तो 'इतकाच' साठी! च्यापेक्षा म्हणायचं तर 'दन'.

कॉफी इस द्यूर्दर दन ते : कॉफी चहापेक्षा महाग आहे.
कॉफी इस नेत झो द्यूर अल्स ते : कॉफी चहाइतकीच महाग आहे.

जर्मन शिकून आलेला माणूस हमखास पहिल्या वाक्यात 'अल्स' घालतो.

खाडीकाठ

शब्दवेल्हाळ ताई, जर्मन न शिकलेला डच माणूससुद्धा घालतो! मी हेगमध्ये बरीच वर्षं आहे. दुकानात, ट्राममध्ये, फुटबॉलच्या मैदानावर 'ख्रोतर अल्स' (च्यापेक्षा मोठा) सर्रास ऐकू येतं. ही काही कालची बिघडलेली भाषा नव्हे, शतकानुशतकं लोक असं बोलत आलेत आणि व्याकरणकार शतकानुशतकं 'दन' म्हणा असं सांगत आलेत. शाळेत, वर्तमानपत्रात, नोकरीच्या अर्जात मात्र 'ख्रोतर दन'च चालतं. 'अल्स' म्हणणाऱ्याला अडाणी समजणारे लोक इथे पुष्कळ आहेत, तेव्हा शिकणाऱ्याने 'दन'च पक्कं करावं. आणि बोलणाऱ्याला टोकू नये.

मधली_सुट्टी

विशेषणाची रूपं कशी होतात तेही कुणी नीट लिहा ना. मराठीत विशेषणाला काही करावंच लागत नाही, 'पेक्षा' लावलं की झालं. त्यामुळे मी बोलताना 'मेर द्यूर' म्हणते, 'जास्त महाग' च्या चालीवर.

पाणकोंबडा

याचीच वाट बघत होतो. मराठीत तुलनेचा सगळा भार ज्याच्याशी तुलना करतो त्या शब्दावर असतो : चहा-पेक्षा. विशेषण तसंच राहतं. डचमध्ये भार दोन्हीकडे वाटलेला, विशेषणालाही 'अर' लागतो आणि मधे 'दन'ही येतो. त्यामुळे 'मेर द्यूर' नाही, 'द्यूर्दर'.

रूपं अशी : ख्रोत (मोठा), ख्रोतर, ख्रोत्स्त. होख (उंच), होखर, होख्स्त. शेवटी 'र' असलेल्या विशेषणात मधे एक 'द' येतो : द्यूर, द्यूर्दर, द्यूर्स्त. तसंच लेकर (चविष्ट), लेकर्दर, आणि व्हेर (दूर), व्हेर्दर. हा 'द' विसरू नका, त्याच्याशिवाय दोन 'र' एकमेकांवर आदळतात.

लिहिताना डचचा नेहमीचा अक्षरनियम लागू होतो. 'ख्रोत' लिहिताना ओ दोनदा, 'ख्रोतर' लिहिताना एकदा. उलट 'दिक' (जाड) मध्ये क एकदा आणि 'दिकर' मध्ये दोनदा. लीफ (प्रेमळ) चं लीव्हर होतं, बोस (रागावलेला) चं बोझर. स्वरांमध्ये सापडल्यावर फ चा व्ह आणि स चा झ होतो, आणि तो लिहूनही दाखवतात.

अनियमित रूपं थोडी, पण रोजच्या वापरातली :
खूत (चांगलं), बेतर, बेस्त
व्हेल (खूप), मेर, मेस्त
वैनख (थोडं), मिन्दर, मिन्स्त
ख्राख (आवडीने), लीव्हर, लीफ्स्त

शेवटचं फार कामाचं. 'इक द्रिंक लीव्हर ते' म्हणजे मला चहा जास्त आवडतो, चहाच घेईन. यजमानाने विचारल्यावर एवढं वाक्य पुरतं.

इथेही इंग्रजीपासून सावध राहायला हवं. इंग्रजीत लांब विशेषणाला 'मोअर' लावतात म्हणून लोक डचमध्ये 'मेर बलांगरैक' (जास्त महत्त्वाचं) म्हणतात. डच शब्दाची लांबी बघत नाही : बलांगरैक, बलांगरैकर. इन्तरेसन्त, इन्तरेसन्तर. 'मेस्त' मात्र काही ठिकाणी लागतं, उदाहरणार्थ 'सर्वांत जास्त वाचलेलं' साठी : मेस्त खलेझन.

आणि 'बरंच महाग' म्हणायचं तर 'व्हेल द्यूर्दर', 'जरा महाग' साठी 'इत्स द्यूर्दर', 'दिवसेंदिवस महाग' साठी 'स्तेत्स द्यूर्दर'. 'जितका जास्त सराव, तितकं बरं जमतं' ही आपली जितका-तितकाची जोडी जशीच्या तशी आहे, फक्त दोन्हीकडे शब्द एकच : हू मेर य ऊफन्त, हू बेतर हत खात. दोन्ही भागांत क्रियापद शेवटी!

शब्दवेल्हाळ

एक भर घालते. संस्कृतातून आपल्याकडे आलेले ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ, वरिष्ठ हे शब्द आठवा. त्यातला '-इष्ठ' आणि डचमधला '-स्त' हे एकाच मूळ इंडो-युरोपीय प्रत्ययाचे वंशज आहेत. श्रेष्ठ म्हणजे सर्वांत चांगला, तसं बेस्त. माझ्या विद्यार्थ्यांना तमभावाचं, म्हणजे 'सर्वांत' दाखवणारं, रूप यानंतर वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही.

दूरचा_पाहुणा

धागा आवडला, पण पाणकोंबडा यांच्या मूळ मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही. इंग्रजी बाजूला ठेवून कसं चालेल? बेटर-बेतर, बेस्ट-बेस्त, बुक-बूक, वॉटर-वातर... शब्दसंग्रह निम्मा तिथूनच ओळखू येतो. मराठीतून शिकायचं तर प्रत्येक शब्द नव्याने पाठ करावा लागेल. शिवाय वर्गात इतर देशांचे लोक असतात, शिक्षक मराठीतून कसं समजावणार?

पाणकोंबडा

शब्दांसाठी इंग्रजी जरूर वापरा, त्याला माझा अजिबात विरोध नाही. मी म्हणतोय ते वाक्याच्या मांडणीबद्दल. शब्द इंग्रजीच्या घरचे, बैठक आपल्या घरची. शिक्षक वर्गात कशातूनही समजावोत, घरी वही उघडल्यावर डच वाक्याखाली मराठी वाक्य लिहायचं, एवढंच.

पण शब्दांतही एक फसवणूक आहे. इंग्रजीत 'पेक्षा' आणि 'मग' यांसाठी दोन शब्द आहेत, डचमध्ये दोन्हीला 'दन'. 'एन दन?' म्हणजे 'आणि मग?' वाक्यात 'दन' दिसला की आधी मागे 'अर' लागलेलं विशेषण आहे का ते बघा. असेल तर बहुधा पेक्षा, नसेल तर मग.

खाडीकाठ

पाणकोंबडा, तुमच्या 'क्रियापद शेवटी' या नियमाला तुलनेच्या वाक्यात एक महत्त्वाचा अपवाद आहे. तो लिहिल्याशिवाय हा धागा अपुरा राहील.

उट्रेख्टचा दॉमतोरन हा नेदरलंड्समधला सर्वांत उंच चर्चचा मनोरा, सुमारे ११२ मीटर. ग्रोनिंगनचा मार्तिनीतोरन त्याहून ठेंगणा. आता 'मला माहीत आहे की' जोडून वाक्य करू :

इक वेत दत द दॉमतोरन होखर इस दन द मार्तिनीतोरन.

'इस' शेवटी नाही! 'दन'पासूनचा तुकडा क्रियापदाच्याही पलीकडे गेला आहे. मराठी डोक्याने 'होखर दन द मार्तिनीतोरन इस' असं जुळवलं तर समजेल, पण कानाला जड लागेल. तुलनेचा तुकडा क्रियापदानंतर टाकणं हीच इथली स्वाभाविक रीत. दोन तुकड्यांच्या क्रियापदातही तेच : है हेफ्त मेर खखेतन दन इक. त्याने माझ्यापेक्षा जास्त खाल्लं. पक्कड मिटली आणि 'दन इक' बाहेर राहिलं.

मराठीत 'माझ्यापेक्षा' क्रियापदाच्या आधीच येतं, म्हणून ही गोष्ट आपल्याला मुद्दाम अंगवळणी पाडावी लागते.

पाणकोंबडा

खाडीकाठ, मनापासून आभार. ही रीत वर्गात क्वचितच कुणी वेगळी काढून सांगतं. तिच्याच जोडीला 'दन इक' आणि 'दन मै' चा फरक लिहितो.

मराठीत म्हणतो, 'तो तिला माझ्यापेक्षा जास्त वेळा भेटतो.' याचे दोन अर्थ होतात. मी तिला जितका भेटतो त्याहून तो तिला जास्त भेटतो, किंवा तो मला जितका भेटतो त्याहून तिला जास्त भेटतो. मराठी वाक्य दोन्हींत एकच, संदर्भावरून समजून घ्यायचं. डचमध्ये सर्वनामच ते ठरवतं :

है झीत हार व्हाकर दन इक : मी भेटतो त्यापेक्षा.
है झीत हार व्हाकर दन मै : मला भेटतो त्यापेक्षा.

'दन'च्या पुढे अर्धं वाक्य गिळलेलं आहे असं समजायचं. ते मनात पूर्ण करून बघितलं की इक की मै ते आपोआप ठरतं. म्हणूनच 'तो माझ्यापेक्षा उंच आहे' यात प्रमाण डचमध्ये 'दन इक', कारण पुढे 'मी आहे' हे गिळलेलं. बोलताना 'दन मै' ऐकू येईल, लिहिताना नको.

कधी हे वाक्य गिळलेलं नसतं, उघड असतं : हत इस द्यूर्दर दन इक दाख्त. मला वाटलं होतं त्यापेक्षा महाग आहे. इथे 'दन'च्या पुढे गौण वाक्य आहे, म्हणून 'दाख्त' शेवटी.

मधली_सुट्टी

शब्दवेल्हाळ ताईंनी टोकाला येणाऱ्या दोन क्रियापदांबद्दल लिहिलं. मग 'त्याने ते पुस्तक वाचलं आहे' यात काय करायचं? पुस्तकात एक क्रम दिसतो, ऑफिसमध्ये दुसरा ऐकू येतो.

शब्दवेल्हाळ

दोन्ही बरोबर आहेत.

दत है हत बूक खलेझन हेफ्त : वाचलं आहे, मराठी क्रम. याला डच लोक हिरवा क्रम म्हणतात.
दत है हत बूक हेफ्त खलेझन : आहे वाचलं. हा लाल क्रम.

बोलीभाषांच्या नकाशावर वापरलेल्या रंगांवरून ही नावं पडली. छापील मजकुरात लाल जास्त दिसतो, बोलण्यात हिरवाही भरपूर. मराठी माणसाने हिरवा निवडावा, परीक्षेत कुणी गुण कापत नाही. 'मूत वेर्कन' सारख्या जोडीत मात्र 'मूत' आधीच ठेवा.

नवखी

मी नागपूरची, पुढच्या वर्षी जायचं आहे. सगळा धागा वहीत उतरवून घेतला. पाच वाक्यं केली आहेत, कुणी तपासून द्याल का?

१. कळसूबाई इस व्हेल होखर दन द व्हाल्सरबेर्ख.
२. इक देंक दत दित बूक इस दिकर दन दत बूक.
३. मॉर्खन इक बेल य ऑप.
४. इक खा मेत द बस ऑमदत द त्रेन द्यूर्दर इस.
५. नागपूर इस मेर वार्म दन उट्रेख्ट.

पाणकोंबडा

नवखी, सुरुवात उत्तम आहे.

पहिलं अगदी बरोबर, अर्थानेही. कळसूबाई १६४६ मीटर, आणि व्हाल्सरबेर्ख, म्हणजे युरोपातल्या नेदरलंड्सचा सर्वोच्च माथा, जेमतेम ३२२ मीटर.

दुसऱ्यात 'दत' आलं, म्हणून 'इस' मागे जाईल, पण खाडीकाठ यांच्या नियमाने 'दन'च्या आधी थांबेल : इक देंक दत दित बूक दिकर इस दन दत बूक. यातला पहिला 'दत' म्हणजे 'की' आणि शेवटचा म्हणजे 'ते', गोंधळू नका.

तिसऱ्यात क्रियापद दुसऱ्या जागी हवं : मॉर्खन बेल इक य ऑप. 'ऑपबेलन' (फोन करणे) हे तुटणारं क्रियापद. मुख्य वाक्यात 'बेल' पुढे येतं आणि 'ऑप' टोकाला राहतं. गौण वाक्यात दोघं पुन्हा जोडले जातात : दत इक य मॉर्खन ऑपबेल.

चौथं बरोबर. त्याचंच 'वन्त' वापरून रूप करा : वन्त द त्रेन इस द्यूर्दर. आणि मग 'ऑमदत'ने सुरुवात करूनही लिहा : ऑमदत द त्रेन द्यूर्दर इस, खा इक मेत द बस. स्वल्पविरामाच्या दोन्ही बाजूंना क्रियापदं आली ना बघा.

पाचवं : नागपूर इस वार्मर दन उट्रेख्ट. 'वार्म'च्या शेवटी र नाही, म आहे, म्हणून मधला 'द' नको. 'व्हेल वार्मर' केलंत तर जास्त खरं होईल.

आता ही पाचही वाक्यं 'इक वेत दत' लावून लिहा आणि इथेच टाका. संध्याकाळी बघतो.